पपईच्या बियाचं गूढ

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय नि घाटाखाली काय, बियाणं कडकडीत वाळवून ठेवायचं ही शेतकऱ्याची हाडीमाशी मुरलेली सवय. ज्वारी-तुरीला ती मानवते. पपई मात्र दगा देते. बियावरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढायची, काळं सुरकुतलेलं बी सावलीत वाळवायचं, डब्यात भरायचं आणि पेरल्यावर वाट बघायची. कधी वाफा हिरवागार, कधी बोडका. मग दोष खताला, पाण्याला, नाहीतर बी विकणाऱ्याला.

1973 मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले. ज्वारी-तुरीसारखं बी जितकं सुकं आणि गार, तितकं जास्त टिकतं. आंब्याची कोय किंवा जांभळाचं बी सुकलं की संपलं. म्हणून तर कोय ओली असतानाच लावतात. ही वाटणी इतकी सोयीची होती की तिच्यात न बसणाऱ्या बियांकडे काणाडोळाच व्हायचा.

पण कॉफीने पंचाईत केली. तिचं बी साधारण 10 टक्के ओलाव्यापर्यंत सुकवलं तरी जगत होतं. त्याहून फार सुकवलं, किंवा सुकं बी गोठवलं, की मरत होतं. 1990 मध्ये एलिस, हाँग आणि रॉबर्ट्स यांनी तिसरा, मधला गट मांडला. म्हणजे आपल्याच वाटणीला भगदाड पाडणाऱ्यांत रॉबर्ट्स स्वतः होते! पुढच्याच वर्षी या तिघांनी पपईही त्याच गटात नेली. 8-9 टक्के ओलावा, हवाबंद डबा आणि 15 अंश तापमान असेल तर बी वर्षभर तग धरतं. शून्याखालच्या थंडीत मात्र घात होतो. फ्रीझरवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तरी एक कोडं उरलंच. बेताने सुकवलेलं बीही कधीकधी हटून बसे. उगवण चाचणीत आपण मोजतो ते मोड. मोड आला नाही की बी मेलं, असं धरून चालतो. ही समजूत खोटी ठरली 2000 साली. इंग्लंडमधल्या क्यू वनस्पती उद्यानाचे वुड आणि प्रिचर्ड व उज्जैनच्या विक्रम विद्यापीठातले अमृतफळे यांनी सुकवलेलं पपईचं बी भिजवून 26 अंशांवर ठेवलं. उगवण रोडावलेली. मग त्याच भिजल्या बियाला 4 तास 36 अंशांची ऊब दिली, आणि मोड फुटू लागले! सुकवण्याने बी मेलं नव्हतं, सुप्तावस्थेत गेलं होतं.

36 अंश! मलकापूर-नांदुऱ्याकडे चैत्रातल्या दुपारी एवढ्यावर भागलं तर लोक खूश होतील. पण ही ऊब लागते ती बी पाणी पिऊन फुगल्यावर, तीही थोडा वेळ. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या डब्यातल्या बियाला उन्हाळाभर लागणारी धग त्याचं आयुष्य खात राहते.