विश्लेषण : क्षमा करायची म्हणजे विसरून जायचे का? ख्रिस्ती शिकवणीत क्षमा आणि आनंद एकत्र का येतात?

सकाळची वेळ. कसाऱ्याकडून आलेली लोकल खडवलीला पोहोचते तेव्हा डबा आधीच भरलेला असतो. दारात धक्का लागतो, चौथ्या सीटवरून शब्दाला शब्द वाढतो. कल्याण येईपर्यंत भांडण संपते, पण राग संपत नाही. तो ऑफिसात जातो, दुपारच्या डब्यासोबत चघळला जातो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी परत येतो.

गुड फ्रायडेला ‘क्षमा’ आणि नाताळात ‘आनंद’ हे शब्द सगळीकडे ऐकू येतात. ख्रिस्ती शिकवणीत हे दोन शब्द एकमेकांना जोडलेले आहेत. ते कसे आणि लोकलच्या डब्यात किंवा घरच्या भांडणात त्याचा उपयोग काय, हे समजून घेऊ.

क्षमेचा मूळ अर्थ काय?

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत, मत्तयच्या शुभवर्तमानात, अपराधासाठी ‘ऋण’ हा शब्द येतो. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले, तसे तू आम्हाला सोड, असा त्या मागणीचा आशय आहे. म्हणजे क्षमा ही मनात आपोआप येणारी भावना नाही. तो हिशेबाचा निर्णय आहे. समोरच्याकडून वसुली करण्याचा आपला हक्क आपण सोडतो.

यात चूक नाकारलेली नाही. उलट कर्ज होते हे मान्य केल्याशिवाय ते माफ करता येत नाही. त्यामुळे ‘काही झालेच नाही’ असे म्हणणे म्हणजे क्षमा नव्हे.

किती वेळा क्षमा करायची?

हाच प्रश्न पेत्र या शिष्याने विचारला होता. सात वेळा पुरे का? उत्तर आले, सातच्या सत्तर पट. म्हणजे ४९० वेळा. काही भाषांतरांत हा आकडा ७७ आहे. मात्र मुद्दा मोजदाद थांबवण्याचा आहे.

यानंतर येशू एका नोकराची गोष्ट सांगतो. राजाने त्याचे १०,००० टॅलंटचे कर्ज माफ केले. बाहेर पडताच त्याने मात्र १०० दिनार देणे असलेल्या सोबत्याचा गळा धरला.

हे आकडे मांडून पाहिले की गोष्टीची धार कळते. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. टॅलंट म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे नोकराचे कर्ज सुमारे ६ कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. ते फेडायला दीड लाखाहून अधिक वर्षे लागली असती. सोबत्याचे कर्ज मात्र १०० दिवसांचे, म्हणजे सव्वातीन महिन्यांचे. ते लहान नव्हते, पण फेडण्याजोगे होते. दोन्हींतला फरक सहा लाख पटींचा. आपल्याला किती माफ झाले आहे हे आठवले, तर समोरच्याचे खाते वेगळे दिसू लागते, असा हा युक्तिवाद आहे.

क्षमा केली की न्याय सोडायचा का?

नाही. यातले अलीकडचे उदाहरण ओडिशातले आहे. कुष्ठरुग्णांसाठी काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन लहान मुले जानेवारी १९९९ मध्ये मनोहरपूर येथे गाडीत जिवंत जाळली गेली. ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीरपणे सांगितले. त्या लगेच भारत सोडून गेल्या नाहीत. काही वर्षे त्यांनी ते काम चालू ठेवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली.

पण खटला थांबला नाही. मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. क्षमा हा ग्लॅडिस यांचा निर्णय होता, शिक्षा हे न्यायालयाचे काम होते. म्हणूनच घरात मार खाणाऱ्या व्यक्तीला ‘माफ कर आणि सहन कर’ असे सांगणे ही क्षमेची शिकवण ठरत नाही. मनातला सूड सोडूनही पोलिसांत तक्रार करता येते.

मराठीतले उदाहरण कोणते?

कवी नारायण वामन टिळक यांचे प्राथमिक शिक्षण कल्याणला झाले आणि पुढचे नाशिकला. आज या दोन गावांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरच खडवली आहे. टिळकांच्या आयुष्याला वळण मिळाले तेही रेल्वेतच. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यात भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी नंतर कळली. त्या काळात याचा अर्थ जवळजवळ वैधव्यासारखा होता. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला आणि पदरात लहान मुलगा. चार-पाच वर्षे दोघे वेगळे राहिले. नंतर लक्ष्मीबाई परत आल्या. पण नवऱ्याचा धर्म लगेच स्वीकारून नव्हे. जातिभेदाचा प्रश्न त्यांनी आधी स्वतःच्या बुद्धीने सोडवला आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्या काहीच झाकत नाहीत. टिळकांचा तापटपणा, विसरभोळेपणा, हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होण्याची सवय, सगळे त्यात आहे. दुःखही आहे. पण वाचणारा पानोपानी हसतो, कारण सांगणारीने हिशेब चुकता करायला लेखणी उचललेली नाही. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

मग आनंद कुठून येतो?

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात तीन गोष्टी लागोपाठ येतात. १०० मेंढरांतले एक हरवते, १० नाण्यांतले एक हरवते आणि दोन मुलांतला एक घर सोडून जातो. हरवलेले सापडते, तेव्हा तिन्ही गोष्टींत आनंद साजरा होतो. मेंढपाळ आणि नाणे सापडलेली बाई तर शेजाऱ्यांना बोलावतात. हा आनंद फायद्याचा नाही. मेंढरे १०० होती, पुन्हा १०० झाली. तुटलेले जोडले गेले, एवढेच त्याचे कारण.

हा विचार महाराष्ट्राला परका नाही. संक्रांतीला तिळगूळ देऊन रुसवे सोडले जातात. जैन शेजारी पर्युषणाच्या शेवटी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत वर्षभराच्या चुकांची माफी मागतात.

रोजच्या जगण्यात काय करता येईल?

ट्रेनमधला धक्का हे फार तर एका दिवसाचे कर्ज आहे. ते कल्याणला उतरतानाच सोडले, तर उरलेला दिवस आपला राहतो. घरातले कर्ज मोठे असते. तिथे काय चुकले ते स्पष्ट बोलणे, स्वतःची चूक आधी मान्य करणे आणि जुना हिशेब पुढच्या भांडणात न काढणे, या तीन गोष्टींपासून सुरुवात होते. तुटलेले नाते पुन्हा जुळायला मात्र दोघे लागतात.

रेल्वेकाठच्या गावांत जमिनीला भाव आला आणि सातबाऱ्यावरून भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले, ही कल्याण पट्ट्यात ओळखीची गोष्ट आहे. लूकची तिसरी गोष्टही वाटणीपासूनच सुरू होते. धाकटा बापाच्या हयातीत हिस्सा मागतो, उधळतो आणि रिकाम्या हाताने परततो. बाप मेजवानी देतो. राबणारा थोरला मात्र चिडून अंगणातच थांबतो. त्याची तक्रार खोटी नसते. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, माझे सगळे तुझेच आहे, असे सांगतो.

थोरला आत गेला की नाही, हे लूकने लिहिलेले नाही.