यादीतला गजानन

जुलै संपत आला की वाशीम जिल्ह्यातल्या सेवा केंद्रांवर पीकविम्याची गर्दी होते. सोयाबीन पेरून झालेले शेतकरी सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स घेऊन उभे असतात. केंद्रचालक नावाच्या रकान्यात इंग्रजीत ‘जी, ए, जे’ ही तीन अक्षरं टाकतो आणि खाली यादी उघडते : आजवर या कॉम्प्युटरवर भरलेले सगळे गजानन. शेगावच्या महाराजांमुळे वऱ्हाडात हे नाव गावोगाव आहे, त्यामुळे यादीही लांब असते. बाणाची कळ दोनदा, मग एंटर, आणि रकाना भरतो. पुढे मोबाईलचे, खात्याचे, आधारचे पहिले दोन-तीन आकडे टाकले की तिथेही आधीच्या लोकांचे पूर्ण क्रमांक हजर. ब्राउझरची ही सोय घरच्या कॉम्प्युटरवर उपयोगी आहे. पण जिथे एकाच खुर्चीवरून शेकडो माणसांचे फॉर्म भरले जातात, तिथे माणसागणिक बदलणाऱ्या रकान्यांसाठी ती बंदच असली पाहिजे.

याचं कारण या सोयीच्या रचनेत आहे. क्रोम किंवा फायरफॉक्स भरलेला मजकूर साठवताना तो कोणत्या माणसाचा हे पाहत नाही. रकान्याचं आतलं नाव आणि त्यात टाकलेला मजकूर एवढीच जोडी ठेवतो. म्हणून एका पोर्टलवर भरलेला मोबाईल क्रमांक दुसऱ्या पोर्टलच्या तशाच नावाच्या रकान्यात डोकावतो. यामुळे चुकीची जातच बदलते. आधारच्या १२ आकड्यांपैकी शेवटचा पडताळणीचा असतो. डच गणितज्ञ व्हेरहूफ यांच्या पद्धतीने काढलेल्या या अंकामुळे एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले, तर तपासणी असलेला फॉर्म ते लगेच पकडतो. यादीतून निवडलेला क्रमांक मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत बरोबर असतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो. पडताळणीचा अंक तिथे काहीच करू शकत नाही. मोबाईल क्रमांकाला तर असा अंकही नाही. पिन कोडचंही तसंच : ‘४४४५०’ टाकताच वाशीमचा ४४४५०५ आणि रिसोडचा ४४४५०६ एकाखाली एक येतात. दोन्ही खरे, पण समोरच्या माणसाचा त्यातला एकच.

यावर पहिला आक्षेप वेळेचा आहे, आणि तो खरा आहे. तारीख संपत आलेली, सर्व्हर अडखळतोय, रांग दारापर्यंत. अशा वेळी प्रत्येक अक्षर नव्याने टाइप करा म्हणणं सोपं नाही. पण वाचतो तो वेळ कुठे वाचतो, हे पाहावं. पिन कोड आणि बँकेच्या शाखेचा आयएफएससी गावातल्या बहुतेकांचा सारखाच असतो. तो एका कागदावर लिहून समोर चिकटवला तरी काम भागतं. नाव, आधार, खातं आणि मोबाईल हे मात्र दर माणसाला वेगळे. नव्या माणसाचा क्रमांक यादीत नसतोच. म्हणजे तिथे वेळ वाचत नाही, धोका तेवढा वाढतो. दुसरा आक्षेप असा, की चूक झाली तरी ओटीपी किंवा नावाच्या जुळणीत ती सापडेल. कधी सापडते. पण ती सापडण्याआधीच एका गजाननाचा क्रमांक दुसऱ्या गजाननाने पडद्यावर वाचलेला असतो, कारण भरलेलं तपासता यावं म्हणून पडदा ग्राहकाकडे वळवलेला असतो.

उपाय अवघड नाहीत, पण नेमका कोणता हे कळायला हवं. इन्कॉग्निटो खिडकी उघडली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. ती नवीन काही साठवत नाही, जुनी यादी मात्र दाखवू शकते. क्रोमचा पाहुणा मोड, म्हणजे गेस्ट, कोरा असतो. एखादीच नोंद काढायची तर बाणाने ती निवडून शिफ्ट आणि डिलीट एकत्र दाबावं. सगळी यादी पुसताना लॉगिनचे पासवर्ड जातील ही भीतीही नको : ‘ब्राउझिंग डेटा’ पुसण्याच्या पानावर फॉर्ममधला मजकूर आणि पासवर्ड यांच्या खुणा वेगवेगळ्या असतात. रोज केंद्र बंद करताना हे एक मिनिटाचं काम आहे. तरी सगळा भार केंद्रचालकावर टाकणं न्यायाचं नाही. रकाना साठवू नये अशी सूचना पोर्टल बनवणाऱ्याला एका शब्दात देता येते. आधार आणि खात्याच्या रकान्यांना ती द्यायलाच हवी.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम-किसानचा अठरावा हप्ता वाशीममधूनच सोडला गेला आणि देशभरातल्या सुमारे ९.४ कोटी शेतकऱ्यांच्या खात्यांकडे निघाला. असा पैसा भरलेल्या आकड्यांमागे जातो, रांगेत उभ्या माणसामागे नाही. म्हणून तो आकडा त्याच्या हातातल्या कागदावरून यावा, टाइप झाल्यावर त्याला मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्याने ‘हो, माझाच’ म्हटल्यावरच पुढचं बटण दाबावं.