खसची ताटी, अगरबत्ती आणि बंद खोली

एप्रिल लागला की नागपूरजवळच्या कामठीत माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. पंपात अडकलेला कचरा काढायचा, टाकीचा गंज घासायचा, जुन्या काळपट ताट्या उपसून नव्या बसवायच्या. पहिल्या संध्याकाळी मोटर सुरू झाली की ओल्या खसचा वास आधी खोलीत, मग स्वयंपाकघरात, मग थेट अंगणापर्यंत जातो. या वासाचे वेगळे पैसे कुणी मोजत नाही, ताटीबरोबर तो फुकटच येतो. घर सुवासिक करण्याच्या जितक्या तऱ्हा आज दुकानात मिळतात, त्यांत मला हीच सगळ्यांत निर्धोक वाटते. ती निर्धोक का, हे एकदा कळलं की अगरबत्तीपासून प्लगमध्ये खोचायच्या बाटलीपर्यंत सगळ्यांची पारख घरबसल्या करता येते.

खस म्हणजे वाळा, आणि वाळा हे गवतच. वर पात्यांचं साधं झुडूप आणि खाली दोन-तीन मीटर सरळ खोल जाणाऱ्या मुळ्या. सुगंधी तेल असतं ते या मुळ्यांत. त्यातले खुसिमॉल, व्हेटिव्होन यांसारखे घटक आकाराने मोठे आणि वजनाने जड असतात, त्यामुळे ते हवेत हळूहळू सुटतात. संत्र्याची साल पिरगाळली की वासाचा एकदम भपकारा येतो, कारण त्यातला लिमोनीन हा हलका रेणू झटक्यात उडतो. खसचं तसं नाही. कोरडी मुळी नाकाशी धरली तरी वास मंदच येतो. पाणी पडलं की पाण्याचे रेणू मुळीच्या तंतूंवर जागा धरतात, तिथे चिकटून बसलेले सुगंधी रेणू सुटे होतात आणि पंख्याच्या हवेबरोबर निघतात. एका वेळी हवेत जाणारं प्रमाण थोडंच असतं, म्हणून तर वास उन्हाळ्याचे कित्येक आठवडे पुरतो.

दुसरी गोष्ट हवेची. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता हवेतून घेतं. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तसल्या कोरड्या झळांत पाणी भराभर उडतं, म्हणून आपल्याकडे कूलर चालतो आणि कोकणात चालत नाही. पण त्यासाठी कूलर खिडकीत हवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जाते, खोलीतली हवा तासाभरात कितीतरी वेळा बदलते. वास साचत नाही, आणि जळत तर काहीच नाही.

ही युक्ती जुनी आहे. ‘आईन-ए-अकबरी’त खसच्या खोल्यांचा उल्लेख आहे. इंग्रजांनी १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसवली. अशा छावण्यांतल्या बंगल्यांत उन्हाळ्यात दारांना खसच्या ताट्या लावून त्यांच्यावर दिवसभर पाणी मारलं जाई. आता पाणी मारायला माणसाऐवजी पंप आहे, एवढाच फरक.

ताटी घेताना हात लावून बघा. खरी मुळी बारीक, वेडीवाकडी, पिवळट-तपकिरी असते, चुरगाळली तर मातीचा वास येतो. लाकूड किसून काढलेल्या धाग्यांची ताटी स्वस्त पडते आणि गार हवाही चांगली देते, पण तिला स्वतःचा असा वास फारसा नसतो. हिरवीगार दिसणारी आणि दुकानातच घमघमणारी ताटी असेल, तर रंग आणि अत्तर वरून मारलंय असं समजावं. टाकीत ओतायचं ‘कूलर परफ्यूम’ही मिळतं. ते मी सुचवणार नाही. पंप ते रात्रभर ताटीवर फिरवत राहतो आणि झोपलेला माणूस आठ-आठ तास ते हुंगत असतो. बाटलीवर काय लिहिलंय म्हणाल, तर बहुधा ‘सुगंध’ एवढाच शब्द असतो आणि त्याच्या पोटात वीस-पंचवीस रसायनं असू शकतात.

कूलरच्या दोन कटकटी मात्र आहेत. टाकीतलं साचलेलं पाणी डेंग्यूच्या डासाला फार आवडतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या. नुसतं वरून पाणी भरत राहिलात तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात. कुबट वास येऊ नये म्हणून कूलर बंद करण्याआधी पंप थांबवून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवावा, म्हणजे ताटी सुकते. आणि एक भ्रम नको. ताटी धूळ थोडीफार अडवते, पण कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या शेजारात राहणाऱ्यांनी तिच्याकडून बारीक राख गाळली जाण्याची अपेक्षा करू नये.

आता अगरबत्ती. बांबूची काडी, तिच्यावर कोळशाची भुकटी आणि लाकडाचा भुसा, हे चिकटवायला मैदालकडीच्या सालीची जिगट. अशी कच्ची बत्ती वाळली की तिला सुगंधी द्रावात बुडवतात. पेटलेल्या टोकाच्या जरासं मागे असलेला द्राव उष्णतेने उडतो, तोच आपल्याला सुवास म्हणून येतो. टोकाशी मात्र सगळंच जळतं, आणि जळताना बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड निघतात. हे लाकूड जळण्याचे गुण आहेत. बत्ती चंदनाची घ्या की गाईच्या शेणाची, महाग घ्या की स्वस्त, फरक थोडाच पडतो.

किती धूर, याचा हिशेब करता येतो. एक ग्रॅम धूप जळताना सरासरी ४५ मिलिग्रॅमच्या वर कण सुटतात, असा आकडा अभ्यासकांच्या लेखनात नेहमी दिसतो. सिगारेटच्या एका ग्रॅममागे तो १० च्या आसपास आहे. दहा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. दारं-खिडक्या बंद, हवा अजिबात हलत नाही असं धरलं, तर ग्रॅमभराच्या एका बत्तीने दर घनमीटरला १६०० मायक्रोग्रॅम कण होतात. २.५ मायक्रॉनहून बारीक कणांची भारतातली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला ६० आहे, आणि अगरबत्तीच्या धुरातले बहुतेक कण तसेच बारीक असतात. खरी खोली इतकी घट्ट बंद नसते आणि बत्ती काही चोवीस तास जळत नाही, हे खरं. तरी आकडा बघून खिडकी उघडावीशी वाटली, तर तेवढंच हवं आहे.

कामठीत धूप काही एका धर्माचा नाही. बुद्धवंदनेला फुलं, मेणबत्ती आणि अगरबत्ती लागते, मोहल्ल्यात लोबान फिरतो, देवघरात धूप आणि कापूर असतो. हे सोडा असं सांगणं मला पटत नाही, आणि कुणी ऐकणारही नाही. जागा बदलायला मात्र सांगता येतं. १९९९ साली उभ्या राहिलेल्या इथल्या ड्रॅगन पॅलेस बुद्धविहाराच्या उंच, प्रशस्त सभागृहात लावलेली काडी आणि वन बीएचकेच्या कोपऱ्यातली काडी एकच असली, तरी तिचा धूर वाटून घ्यायला तिथे किती हवा आहे आणि इथे किती! घरी बत्ती खिडकीपाशी किंवा ओसरीत लावा. वंदना झाली, आरती झाली की ती वाळूत खुपसून विझवली तरी चालते, संपेपर्यंत जळलीच पाहिजे असा काही नियम नाही. मेणबत्तीची वात कातरून आखूड ठेवली आणि ती वाऱ्यात फडफडू दिली नाही, तर काजळी कमी धरते.

एका ठिकाणी मात्र ठाम राहायला हवं, ते म्हणजे बाळंतिणीची खोली. शेक-शेगडी आणि ओवा, वावडिंग, धूप यांची धुरी. ‘धुरी नाही देली तं लेकराले सर्दी होते ना वो,’ असं म्हणणाऱ्या आजीचा जीव तुटतो तो बाळासाठीच. पण नवजात बाळाच्या श्वासनलिका अगदी अरुंद असतात आणि त्याचा श्वास मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त वेगाने चालतो. शिवाय थंडीत दार लावून निखाऱ्यांची शेगडी ठेवली, तर वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो आणि झोपेत कुणाला पत्ताही लागत नाही. आजीला ओवा हवा असेल तर तो तव्यावर भाजून पुरचुंडीत बांधावा आणि खोलीत लांब टांगून ठेवावा. वास राहतो, धूर जातो.

बाटल्यांचं शास्त्र वेगळं. प्लगमधलं यंत्र द्रावणात मिसळलेला सुगंध गरम करून उडवतं. स्प्रे-कॅनमध्ये बहुधा ब्यूटेन-प्रोपेनसारखा ज्वलनशील वायू दाबाने भरलेला असतो, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ तो मारू नये. इथे धूर नाही, पण एसीची बंद खोली असेल तर तीच हवा फिरत राहते आणि सुगंध साचतो. नाक तर थोड्याच वेळात थकतं, त्या वासाची दखल घेणंच सोडून देतं. मग आपण यंत्राची कळ ‘जास्त’वर करतो. बाहेरून आलेल्या माणसाला विचारा, त्याला तोच वास डोक्यात जातो.

‘नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटलीनेही हुरळून जाऊ नये. नागपुरी संत्र्याच्या सालीतल्या तेलाचा बहुतांश भाग लिमोनीन असतो आणि लिंबाच्या वासाच्या क्लीनरमध्येही बहुधा तोच. रेणूला आपण सालीतून आलो की कारखान्यातून, हे ठाऊक नसतं. हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की दोन्हींपासून थोडं फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बनतात. ओझोन कडक उन्हात, दुपारी सर्वाधिक असतो. तेव्हा वासाच्या फिनाईलने फरशी पुसायची ती सकाळी, दुपारी नको. संत्र्याची साल आणि दालचिनीचा तुकडा पाण्यात उकळून घर दरवळवायचं असेल तर जरूर करा, मात्र पाण्याला उकळी आली की गॅस बंद. मंद आचेवर तासभर ठेवण्याने वासाबरोबर गॅसचा धूरही वाढतो.

खरं तर निम्म्या घरांना सुगंधाची गरजच नसते, दुर्गंध कुठून येतो ते शोधण्याची असते. आमच्याकडे मे महिन्यात एक तक्रार हमखास ऐकू येते, गावाहून परतल्यावर घरात गटाराचा वास. न्हाणीतल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात अडकून राहिलेलं पाणी गटाराची हवा अडवतं. उन्हाळ्यात आठ-दहा दिवस पाणी पडलं नाही की ते सुकतं आणि वाट मोकळी होते. तिथे तांब्याभर पाणी ओतलं की काम झालं. गाद्यांना ऊन दाखवा, ओलं पायपुसणं बाहेर वाळत टाका. ज्या घरांत बिडीचं काम चालतं तिथे तंबाखूची भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण अत्तराने तिचा वास झाकला जातो, भुकटी हवेत राहतेच. एवढं झाल्यावर माठात वाळ्याची जुडी आणि उशाशी ओंजळभर मोगरा पुरतो.

राहिल्या कपाटातल्या पांढऱ्या गोळ्या. डांबरगोळी म्हणजे बहुतेक वेळा नॅफ्थलीन, आणि बाथरूममध्ये टांगायच्या काही सुगंधी वड्यांत पॅराडायक्लोरोबेन्झीन असतं. दोन्हींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं आहे. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात, आणि ही कमतरता आहे हे बहुतेकांना आधी माहीतही नसतं. बाळाचे कपडे या गोळ्यांत ठेवू नका. त्यांच्या जागी वाळ्याच्या मुळ्या किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला चालतो, फक्त तो दर हंगामात बदलावा लागतो. डास पळवणारी अगरबत्ती घेत असाल तर पाकिटावर कीटकनाशकाचा सीआयबी नोंदणी क्रमांक बघा. तो नसेल तर पाकीट दुकानातच राहू द्या.

कापूर जाळला की काजळी धरतो, नुसता उघडा ठेवला तरी उडून वास देतो. पण तो खडीसाखरेसारखा दिसतो आणि लहान मुलाच्या पोटात थोडा गेला तरी झटके येऊ शकतात. कापूर, डांबरगोळी किंवा सुगंधी तेल मुलाने गिळलं असेल तर उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. डबी किंवा बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.