उंट आधी बांधा : लाइफ जॅकेटची देखभाल आणि आपली जबाबदारी

थंडी सुरू झाली की कोंढवा, कॅम्प, हडपसरच्या घराघरांत सहलीचे बेत ठरू लागतात. कुणाला मुरुड-जंजिरा बघायचा असतो, कुणाला मुंबईला जाऊन घारापुरीच्या लाँचमध्ये बसायचे असते. डबे भरले जातात, चादरी घेतल्या जातात. पण होडीत बसल्यावर पोरांच्या अंगात काय घालणार, हा प्रश्न फार थोड्या घरांत विचारला जातो.

खरे तर हा प्रश्न पुण्याच्या मुस्लिम घरांनी तरी विसरता कामा नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयातील 14 विद्यार्थी बुडाले. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील ओढ्याला अचानक लोंढा आला आणि सय्यदनगरच्या एकाच कुटुंबातील एक महिला व चार मुले वाहून गेली. त्याआधी महिनाभर, 21 मे रोजी, उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि एकूण 15 जणांचा मृत्यू झाला. अनेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले. त्यानंतर गेटवेच्या बोटींत जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले.

जॅकेट हे सगळ्या संकटांवरचे औषध नव्हे. पावसाळ्यात धबधब्याच्या प्रवाहात उतरूच नये, हाच तिथला उपाय. पण होडीत बसताना मात्र जॅकेटसारखी दुसरी ढाल नाही. अट एवढीच, की ते चांगल्या स्थितीत असावे आणि अंगात असावे.

दोन प्रकार

आपल्याकडे होड्यांवर दिसणारे नारिंगी जॅकेट फोमचे असते. ते काही न करता तरंगते. लहान मुलांसाठी आणि पोहता न येणाऱ्यांसाठी हेच बरे. दुसरा प्रकार हवेने फुगणारा. तो पट्ट्यासारखा गळ्यात बसतो, कामाला अडचण करत नाही. म्हणून गळ टाकणारे, शिडाची होडी चालवणारे तो पसंत करतात. आखातात कामाला असलेले भाऊ-मामा कोकणातल्या घरी असे जॅकेट भेट आणतात. त्यात गॅसचे सिलिंडर असते, त्यामुळे विमानात आणण्याआधी कंपनीची परवानगी घ्यावी लागते.

हे जॅकेट म्हणजे एक छोटे यंत्रच आहे. आत हवेची पिशवी, तिला जोडलेले कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर आणि ओढायची दोरी. दोरी ओढली की सुई सिलिंडर फोडते आणि काही सेकंदांत पिशवी फुगते. आपोआप फुगणाऱ्या अनेक जॅकेटांत पाण्यात विरघळणारी एक गोळी असते; ती विरघळली की स्प्रिंग सुटते. सगळे बिघडले तरी तोंडाने हवा भरायची नळी असतेच. यंत्र म्हटले की देखभाल आली. कपाटात चार वर्षे पडलेले जॅकेट ऐनवेळी फुगेलच, याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

घरच्या घरी तपासणी

• सिलिंडर हाताने घट्ट बसलेले आहे का पाहा. पुष्कळदा ते नुसते सैल झालेले असते आणि मग दोरी ओढूनही काही होत नाही.

• सिलिंडर काढून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. त्यावर कोरलेल्या भरलेल्या वजनापेक्षा कमी भरले, गंज दिसला किंवा टोकाला भोक असले तर नवे घ्या. वापरलेले पुन्हा बसवू नका.

• सिलिंडर काढलेले असतानाच नळीने पिशवी फुगवा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मऊ पडली तर ती गळते आहे. असे जॅकेट वापरू नका. हवा काढताना झडपेत पिन किंवा पेन घालू नका, टोपणाच्या उलट्या बाजूने दाबा.

• विरघळणाऱ्या गोळीवरची तारीख पाहा. कोकणातल्या दमट हवेत ती लवकर खराब होते.

• पट्टे, शिलाई, बकल आणि शिट्टी तपासा. घडी कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच घाला.

• खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण आपोआप फुगणाऱ्याचे सिलिंडर व गोळी आधी काढून ठेवा. सावलीत वाळवा, हँगरला टांगा.

फोमच्या जॅकेटची उशी करून बसू नका. फोम दाबल्यावर परत वर आला नाही, कापड उन्हाने विटून ओढताच फाटले, तर त्याची वेळ संपली.

मासेमारी करणाऱ्या घरांना तर यासाठी ठरलेला काळच मिळतो. आपल्या राज्यात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. जाळी विणताना, होडी रंगवताना जॅकेटही काढून पाहावे.

घालताना

बुरखा किंवा ओढणी असेल तर जॅकेट तिच्या वरून घाला. फुगणारे जॅकेट कपड्याखाली असेल तर छातीवर दाब येतो. ओढणी पट्ट्यात खोचून घ्या. लहान मुलाला जॅकेटच्या खांद्यांना धरून हळूच उचलून पाहा. ते हनुवटीच्या वर सरकले तर माप मोठे आहे. मुलांचा पायांमधला पट्टा बांधल्याशिवाय होडी सोडू देऊ नका. नावाड्याकडे जॅकेट मागायला लाजू नका. नसेल तर उतरा.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषितांनी (स.) आधी उंट बांध आणि मग भरवसा ठेव, असे सांगितल्याची हदीस आपण मुलांना नेहमी ऐकवतो. बुडून मरण पावलेल्याला शहिदाचा दर्जा आहे, हेही आपण जाणतो. पण तो दिलासा मागे राहिलेल्यांसाठी आहे. निष्काळजीपणाची ती मुभा नव्हे. मुले ही आपल्याकडे अल्लाहची अमानत आहेत. होडीत पाय ठेवताना दुआ जरूर पढावी, आणि त्याच वेळी त्यांच्या जॅकेटचे बकल आपल्या हाताने लावावे.