सिकलसेल : विवाहापूर्वी रक्ततपासणी का?

एकोडी ज्या भंडारा जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. प्रत्येक गुणाचे दोन घटक आपणांस लाभतात. एक मातेकडून, दुसरा पित्याकडून. वारशाचा हा नियम ऑगस्टिनियन संघाचे धर्मगुरू ग्रेगर मेंडेल यांनी १८६५ साली वाटाण्यावरील प्रयोगांतून मांडला. या घटकांनाच आज आपण जनुके म्हणतो.

हिमोग्लोबिनच्या जनुकाची एकच प्रत सदोष असल्यास व्यक्ती केवळ वाहक असते, रुग्ण नव्हे. मात्र पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सोल्युबिलिटी चाचणीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस केल्यास वाहक कोण व रुग्ण कोण, हे कळते. म्हणून विवाह ठरविण्यापूर्वी तपासणी करावी आणि वाहकास कमी लेखू नये, असे आम्ही आवर्जून सुचवितो.