सायकल, वही आणि गावचे पक्षी

पक्षी पाहायचे म्हणजे अभयारण्य गाठावे लागते, गळ्यात दुर्बीण लागते, असा आपला समज असतो. खरे म्हणजे पहिला धडा परसात घ्यावा आणि दुसरा गावच्या रस्त्यावर. या दुसऱ्या धड्याला सायकलीसारखे साधन नाही.

सायकल आवाज करीत नाही, चालण्यापेक्षा पुष्कळ वाट तोडते आणि पाय टेकला की थांबते. एक पथ्य मात्र पाळा. पक्षी दिसल्याबरोबर ब्रेक दाबू नका. तारेवरचा पक्षी जाणाऱ्या सायकलीला सहसा भीत नाही. ती एकदम थांबली की उडतो. चार हात पुढे जाऊन हळूच उतरावे.

परसात जास्वंदीवर शिंजीर येतो, शिंपी पाने शिवून घरटे करतो, सातभाई कलकलाट करीत पाचोळा उलथतात. हे ओळखीचे झाले की ऊन चढण्यापूर्वी सायकल काढा. तारेवर दुभंगल्या शेपटीचा कोतवाल आणि हिरवा वेडा राघू दिसेल, नांगरटीमागे बगळे. पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी लोंबतात. नाव बाईचे, पण विणकर नर! अर्धे घरटे झाले की मादी पाहणी करते; पसंत पडले तर ती तेथे नांदते आणि नर दुसरे विणायला घेतो. हे सारे सलीम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला, राहत्या घराजवळची घरटी नेमाने पाहून उलगडले.

आता वहीविषयी. रस्ता ठरलेला, वार ठरलेला, वेळही ठरलेली असावी. तारीख, पक्षी आणि संख्या लिहा. एखादा पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा, तेही महत्त्वाचे. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो, पाच वर्षांच्या आकड्यांना असतो.

गिधाडांचेच पाहा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० नंतरच्या दशकात त्यांची मोजणी झाली होती. पुढच्या दशकात तेथेच पुन्हा मोजली, तेव्हा मोठी घट दिसली. आधीचा आकडा होता म्हणून ती कळली. कारण २००४ साली उजेडात आले. डायक्लोफेनॅक हे औषध दिलेल्या जनावराचे मढे खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी हे औषध भारतात बंद झाले. तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरातली नव्व्याण्णव गेली होती. आपल्या माळावर किती होती, असे विचारा. म्हातारी माणसे म्हणतील, "लई होती." पण लई म्हणजे किती?

दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठही देशात घटतो आहे, असे भारतीय पक्ष्यांविषयीच्या २०२३ च्या अहवालात नमूद आहे. हा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. त्यांत तुमच्या गावची नोंद आहे काय?

गुरुजी, तुमची मुले चार वाटांनी सायकलवर शाळेत येतात. एकेक वाट एकेकाला नेमून द्या. आठवड्यातून एक दिवस, दहाच पक्षी. घरट्याला हात लावू नये, एवढे मात्र बजावून सांगा. आणि वह्या वर्षअखेरीस रद्दीत न घालता शाळेच्या कपाटात ठेवा. पुढच्या मुलांना त्या लागतील.