पाठ केलेलं बाजूला ठेवून

रविवारची सकाळ. पुण्यात डेक्कनजवळच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा सराव चाललाय. कुणाला आयर्लंडला एमएस करायचंय, कुणाला ऑस्ट्रेलियात पीएचडी. दाराजवळच्या बाकावर एक नर्स बसलीय, रात्रपाळी संपवून थेट इथं आलेली. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर तिला ॲकॅडमिक परीक्षेत लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ बँड हवेत. मी रविवारी इथं सरावापुरती परीक्षक होते.

सर ऑडिओ सुरू करतात. चाळीस प्रश्न, अर्धा तास, आणि सगळं एकदाच ऐकायला मिळणार. फोनवर एक बाई भाड्याची खोली विचारतेय. घरमालक नंबर सांगतो, मध्येच थांबतो, शेवटचे दोन आकडे बदलतो. पुढच्या बाकावरच्या मुलांनी पहिलाच नंबर लिहून टाकलाय. नर्सचं पेन मात्र कागदापासून बोटभर वर थांबलेलं. माणसाचं बोलणं संपतं, तेव्हा ती लिहिते. बरोबर नंबर. डॉक्टर फोनवरून औषध सांगतात तेव्हा डोस पूर्ण ऐकून मगच लिहायचा आणि परत वाचून दाखवायचा असतो. ती सवय इथं कामाला येतेय.

मग रीडिंग. उतारा शहरातल्या मधमाश्यापालनाचा. विधान असं, की शहरातला मध गावच्या मधापेक्षा चांगला असतो. ट्रू, फॉल्स की नॉट गिव्हन? इंजिनिअरिंगचा एक मुलगा ‘फॉल्स’वर अडून बसतो.

“कशावरून?” सर विचारतात.

“सर, गावाकडचाच मध चांगला असतो ना!”

“असेल. उताऱ्यात कुठं लिहिलंय? बोट ठेवून दाखव.”

त्याचं बोट ओळींवरून फिरतं, पुन्हा वर येतं. तुलना कुठंच केलेली नाही. तो उत्तर खोडून ‘नॉट गिव्हन’ लिहितो. आपल्याला ठाऊक आहे ते आणि लेखकानं लिहिलंय ते वेगळं ठेवायचं, ही शिस्त त्याला पुढं प्रत्येक शोधनिबंध वाचताना लागणार आहे.

आता स्पीकिंग. नर्स माझ्यासमोर बसते. मी कार्ड देते: तुम्ही कुणाला काही शिकवलंत, तो प्रसंग सांगा. एक मिनिट तयारीला, दोन मिनिटांपर्यंत बोलायला. ती सुरुवात करते आणि जड, गुळगुळीत इंग्रजी वाक्यं धडाधड येतात. नजर छताकडे. चौथ्या वाक्याला शब्द निसटतो आणि ती गप्प होते. डोळे भरून येतात.

“अगं, पाठ केलेलं राहू दे,” मी म्हणते. “वॉर्डात खरंच कुणाला काय शिकवलंस?”

ती श्वास घेते. बोलू लागते. एका आजींना घरी सोडायचंय, सुनेला इन्सुलिन द्यायला शिकवायचंय. सून घाबरलीय. हिनं तिच्या हातात सिरिंज आणि संत्रं दिलंय. थरथरण्याला इंग्रजी शब्द आठवत नाही, तर ती म्हणते, “हर हँड वॉज नॉट स्टिल.” आणि न अडखळता पुढं जाते. क्रियापदाचा काळ दोनदा चुकतो, पण मला सगळं समजतं. ती माझ्याकडे बघून बोलतेय.

मी तिला गुणांचं गणित सांगते. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार, चारही समान वजनाचे. शब्द अडला तर दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे कौशल्यच आहे, त्याचं श्रेय मिळतं. उच्चार कळायला हवेत, इंग्रजांसारखे असायची गरज नाही.

“मग रायटिंगलाही असंच करू, मॅडम?”

तिच्या वहीतला निबंध उघडतो. रुग्णालयांवर खर्च करावा की आजार टाळण्यावर? पहिला परिच्छेद गाईडातला, कुठल्याही विषयाला चालेल असा. ती स्वतःच त्यावर रेघ मारते. टास्क टूला, म्हणजे या निबंधाला, चाळीस मिनिटं, किमान अडीचशे शब्द. ती नव्यानं लिहायला घेते. मधुमेह वेळेत सांभाळला न गेल्यामुळं पाय गमवावा लागलेला पेशंट, त्याच्या घरच्यांचं बुडालेलं उत्पन्न, गावात साध्या तपासणीची सोय असती तर काय वाचलं असतं. मुद्द्याला मुद्दा जोडला जातोय आणि मत ठाम आहे. आर्टिकल्स चुकलीत, दोन स्पेलिंगं चुकलीत. तेवढं मी शिकवू शकते. बाकीचं तिच्याकडे आहे.